खिशातला चाकू घेऊन खान्देशात : पाटणादेवी ते फैजपूर

मार्गशीर्षातल्या थंडीत मोटारसायकलवर खान्देश फिरायचा बेत ठरला. सामानाची यादी करताना मामेभावाचं आणि माझं एकाच गोष्टीवरून जुंपलं, ती म्हणजे चाकू. त्याच्याकडे पक्कडवालं लेदरमन, म्हणजे एकात अनेक हत्यारं दुमडून बसवलेलं अवजार आहे, माझ्याकडे लाल मुठीचा, बऱ्याच अवयवांचा स्विस घडीचा चाकू, व्हिक्टोरिनॉक्स हंट्समन. त्याचं म्हणणं, "दादा, पक्कड नसेल तर बाकी सगळं शोभेचं." माझं म्हणणं, पाव किलोला टेकलेलं वजन माणूस दोन दिवस कमरेला मिरवतो, मग बॅगेत टाकतो, आणि ऐन गरजेला ती बॅग खोलीवर असते. माझा चाकू शंभर ग्रॅमच्या आतला, खिशात आहे हे विसरायला होतं. शेवटी दोन्ही घ्यायचे आणि कुठे काय कामाला येतं ते डोळ्यांनी बघायचं, असं ठरलं. चाळीसगावहून निघून धुळे, शहादा, तोरणमाळ करत सातपुड्याच्या पायथ्याने फैजपूरला शेवट.

दिवस पहिला : चाळीसगाव, पाटणादेवी

पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. अभयारण्य १९८६ सालचं, साधारण २६० चौरस किलोमीटरचं. चाकू बाळगणाऱ्या बहुतेकांना माहीत नसलेली एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ३१ प्रमाणे परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र नेता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, जाळी, सापळे यांच्या जोडीला चाकूही आहेत. पातं किती लांबीचं, हा प्रश्नच तिथे येत नाही. म्हणून नाक्यावर आम्ही आपणहून दोन्ही चाकू दाखवले. वनरक्षकाने ते उलटसुलट करून पाहिले, "इथेच राहू द्या, जाताना न्या," म्हणाला. देण्याआधी मी माझ्या चाकूच्या मुठीतला चिमटा ओढून वरच्या खिशात टाकला. हा चिमटा नखाने ओढला की मुठीतून सुटा निघतो.

धवलतीर्थाकडे जाणाऱ्या वाटेवर गुडघाभर वाळकं गवत होतं. डिसेंबरात या गवताची कुसळं सुटलेली असतात. मोज्याच्या विणीतून ती आत शिरतात आणि चालताना एकेक टोक कातडीत घुसत जातं. हाताने ओढलं की तुटतं आणि अर्धं आत राहतं. मंदिराजवळच्या पारावर बसून आम्ही दोघांचे मोजे साफ केले, मग मामेभावाच्या टाचेतला हिवराचा काटा काढला. काटा काढताना चिमट्याची दोन टोकं नीट जुळतात की नाही, यावर सगळं असतं. टोकं जुळत नसतील तर काटा निसटतो आणि आणखी खोल जातो. माझ्या आजोबांच्या करदोट्याला पितळी चिमटा बांधलेला असायचा, त्याच कडीत दातकोरणं आणि कानकोरणं. शेतातला माणूस त्याशिवाय घराबाहेर पडत नसे. खिशात बारीकसारीक हत्यारं एकत्र बाळगायची सवय आपल्याकडे जुनीच आहे, फक्त तिच्यात पातं नव्हतं. पात्यासाठी विळा वेगळा.

पाटणला भास्कराचार्यांशी जोडलेला शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने, चांगदेवाने, इथे मठ उभारल्याची नोंद या लेखात आहे, आणि हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. डोंगराच्या कुशीतल्या या निवांत जागी गणित शिकवलं जात होतं, हे वाचून गेलेल्या माणसाला पाटणादेवी निराळीच दिसते. वाचून जा, एवढंच सुचवतो.

परतताना नाक्यावर चाकू मिळाले. दिवसभरात त्यांच्यावाचून काही अडलं नव्हतं. अडलं असतं ते चिमट्यावाचून.

दिवस दुसरा : धुळे, सोनगीर

सकाळी धुळ्याचा रस्ता धरला. लळिंगचा किल्ला मुंबई-आग्रा महामार्गावरून सहज दिसतो. तासाभरात वर पोहोचता येतं आणि वरून सगळा मुलूख उघडा पडतो. दुपारी धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात डोकावलो. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच गेले आणि त्यांनी जमवलेल्या कागदपत्रांचा ठेवा या मंडळाने सांभाळला. जेवायला शेवभाजी होती, वर तर्री अशी की कपाळ भिजावं.

खरा दिवस सोनगीरचा. तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी सोनगीरचं नाव खान्देशात घरोघर माहीत आहे. लग्नाची भांडी घ्यायला मोठी माणसं इथे येत. एका कारागिराच्या ओट्यावर आम्ही बराच वेळ बसलो. समोर हातोड्यांची ओळ मांडलेली. गोल तोंडाची, सपाट तोंडाची, लांब चोचीची, शिवाय एक लाकडी मोगरी. पत्र्याला खोलगटपणा आणताना एक, गळा आवळताना दुसरी, ठोके देऊन चकाकी आणताना तिसरी. हंड्याच्या आत हात घालून तो ज्या लोखंडी टेकूवर ठोकत होता, तोही भांड्याच्या घाटाप्रमाणे बदलत होता. हातोडी उचलताना तो तिच्याकडे पाहतही नव्हता.

मामेभावाने लेदरमन काढून दाखवलं. त्या कारागीर बाबांनी पक्कड उघडमीट केली, पितळी तारेचा तुकडा तिच्यात धरून पिळला, मान हलवली. मग अहिराणीत म्हणाले, "चांगलं शे. पन बठ्ठा काम थोडा थोडा करस." सगळी कामं थोडीथोडी करतं. या अवजाराबद्दल इतकं नेमकं मी कुठे ऐकलं नव्हतं. दुकानात बसलेल्या माणसाला ते काय कामाचं? त्याच्या हाताशी प्रत्येक कामाचं खास हत्यार आहे. दुकानापासून, घरापासून, गॅरेजपासून आपण लांब असतो तेव्हाच थोडंथोडं करणाऱ्याची किंमत वाढते.

मुळात माझा व्हिक्टोरिनॉक्सचा चाकू जन्मला तोही अशाच गरजेतून. कार्ल एल्सेनर यांनी १८८४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या इबाख इथे कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस लष्कराला चाकू पुरवायला सुरुवात केली. शिपायाला डबा उघडायचा असे आणि बंदूक खोलायला पेचकस लागत असे, म्हणून पात्याच्या जोडीला डबा उघडणी, पेचकस आणि भोकं पाडायची आर आली. तो चाकू जड वाटला म्हणून त्यांनी हलका, दुसरं छोटं पातं आणि बुचस्क्रू असलेला अधिकाऱ्यांचा चाकू केला आणि १८९७ मध्ये नोंदवला. आजचे लाल चाकू त्याच वंशातले. म्हणजे शिपायाच्या त्या पहिल्या चाकूतही पातं एकच होतं, भर होता तो बाकीच्या अवयवांवर.

दिवस तिसरा : दोंडाईचा, सारंगखेडा

सोनगीरहून चिमठाण्यावरून दोंडाईचा. मिरचीचा हंगाम होता. गावाबाहेर लाल मिरची वाळत घातलेली, वाऱ्याने ठसका येत होता. घरच्यांसाठी मिरची घेतली. दुकानदाराने पोतडीचं तोंड सुतळीने आवळून दिलं. ते ओझं गाडीपर्यंत नेताना सुतळी बोटांत रुतू लागली, तेव्हा हंट्समनच्या पाठीवरची आकडी उघडली, तिच्यात सुतळी अडकवली आणि मूठ धरली. ही आकडी कशासाठी आहे असं लोक विचारतात. अशाच ओझ्यांसाठी आहे. सुतळी कधी हाताने वाहिली नसेल त्याला ती निरुपयोगी वाटणारच.

पुढे तापीकाठी सारंगखेडा. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे आणि दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो. आमचा बेत त्याच दिवसांवर बांधलेला होता. राजस्थान, गुजरात, उत्तर प्रदेश, कुठून कुठून घोडे आलेले. चार पाय पांढरे आणि कपाळावर पट्टा असलेला पंचकल्याणी घोडा उभा असेल तिथे हटकून गर्दी. कातडी लगाम, घुंगरू, गोंडे, खोगिरं, सगळ्याची दुकानं.

एका तंबूबाहेर नालबंद काम करत होता. घोड्याचा मागचा पाय स्वतःच्या मांडीवर घेऊन आधी लोखंडी आकडीने खुराच्या तळव्यातल्या खाचांमधला चिखल आणि खडे काढले, मग वाकड्या टोकाच्या सुरीने वाढलेलं खूर पातळ पातळ सोललं, मग कानस फिरवली. खुराच्या चकत्या खाली पडत होत्या आणि कुत्री त्या पळवत होती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये घोडेवाल्यांसाठी खास चाकू निघत. त्यांत खुरातला खडा काढायचा वाकडा आकडा दुमडून ठेवलेला असे. प्रवासात घोडा लंगडू लागला की उतरायचं, खडा काढायचा, पुढे जायचं. हे मी घोड्याच्या मालकाला सांगितलं, शिंदखेड्याकडचे होते, आणि माझा चाकू दाखवला. त्यांनी तो हातात घेतला.

"हाऊ काय शे भाऊ? घोडासाठी शे का?"

"नाही हो आप्पा, घोड्यासाठीचा वेगळा असायचा. हा साधा."

त्यांनी आकडी उघडून अंगठ्याने दाबून पाहिली. "हाई आकडी नही चालाव. घोडानी पाय झटका ना, तर हाई तुटी जाई आनि तुमनं बोट बी जाई." मग स्वतःची आकडी दाखवली, बोटभर जाड सळई, एक टोक वाकवून चापट केलेलं, दुसऱ्याला कडी. गावच्या लोहाराकडून करून घेतलेली. तिच्यात दुमडायचं काही नाही, म्हणून मोडायचंही काही नाही. दुमडणाऱ्या प्रत्येक अवजाराचा कमकुवत भाग म्हणजे त्याचा खिळा. जोर मुठीतून पात्याकडे त्या एका खिळ्यावरून जातो. आप्पांना हे अंगठ्याच्या एका दाबात कळलं.

यात्रेच्या मुख्य रस्त्यावर बंदोबस्त होता. एका हवालदाराने मामेभावाच्या कमरेला लेदरमनचं पाकीट पाहून विचारलं. त्याने काढून दाखवलं. त्यांनी शांतपणे सांगितलं की गर्दीत हे नको, गाडीच्या डिकीत ठेवा. बरोबरच होतं. इथे लोकांचा घोळ होतो म्हणून थोडं सविस्तर लिहितो. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या परवान्याच्या कक्षेत येतात, घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठीच्या वगळून. माझ्या चाकूचं मोठं पातं पावणेतीन इंचांचं, म्हणजे त्या हिशेबात कुठेच नाही. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली सणावाराला, यात्रेला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात आणि त्यांत चाकू, सुरे, काठ्या, सगळंच येऊ शकतं. तेव्हा इंचांचा हिशेब सांगत बसू नये. विमानाचंही तसंच. हातातल्या सामानात चाकू चालत नाही, खाली द्यायच्या बॅगेत ठेवायचा. हा या वस्तूचा खरा तोटा आहे. सगळ्यात जास्त कामाला येईल अशी ती खिशात असते, आणि खिशात ती कुठे न्यायची नाही याचं भान मात्र रोज ठेवावं लागतं.

कमरेला उघडं दिसणारं पाकीट लावण्याच्या मी विरोधात आहे. अवजार म्हणून जे बाळगतो ते शस्त्रासारखं मिरवू नये.

दिवस चौथा : शहादा ते तोरणमाळ

आज मामेभावाचा दिवस होता.

शहाद्याहून निघालो, राणीपूर मागे पडलं आणि सातपुडा अंगावर येऊ लागला. सात पायरीच्या घाटात वळणावर वळण. मधल्याच एका चढावर माझ्या गाडीची क्लचची तार लिव्हरजवळ तुटली. तारेच्या टोकाला शिशाची गोळी असते, ती सुटून हातात आली. आसपास दुकान नाही, मोबाइलला रेंज नाही.

मामेभावाने लेदरमन काढलं. आधी कव्हरच्या तोंडाशी असलेला हाताने फिरवायचा ॲडजस्टर पूर्ण आत घेतला, म्हणजे तारेला थोडी ढील मिळते. मग सामानाच्या कॅरिअरचा एक छोटा नट काढून तो तारेत ओवला, तार परत फिरवून पक्कडीच्या टोकाने पिळली, पुन्हा पिळली, आणि पुढे आलेले धागे पक्कडीच्या मुळाशी असलेल्या कातरीने कापले. तो नट लिव्हरच्या खाचेत गोळीसारखा बसवला. क्लच जड झाला, पण चालला. माझ्या चाकूने यातलं काहीही झालं नसतं. पोलादी तार बोटांनी पिळता येत नाही.

टिम लेदरमन यांना हे अवजार सुचलं तेही अशाच अडचणीतून. १९७५ मध्ये ते आणि त्यांची पत्नी जुनी फियाट घेऊन युरोप फिरत होते. गाडी बिघडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशातल्या साध्या चाकूला पक्कड नव्हती. परतल्यावर कित्येक वर्षं खटपट करून १९८३ मध्ये त्यांनी पहिलं अवजार बाजारात आणलं.

तरी एक गोष्ट मी घाटातच भावाला दाखवली. कॅरिअरचा नट काढायला त्याने पक्कड लावली तेव्हा ती घसरली आणि नटाचा एक कोपरा घासला गेला. पक्कडीचे जबडे नटाच्या सहा बाजू धरत नाहीत, दोनच धरतात, आणि तेही दातांनी. मग गाडीच्या टूलकिटमधला १०-११ चा पाना लावल्यावर नट सुरळीत निघाला. मोटारसायकलवर फिरणाऱ्याने लेदरमन आहे म्हणून पाने घरी ठेवू नयेत.

तोरणमाळ समुद्रसपाटीपासून ११०० मीटरहून उंच. यशवंत तलावाकाठी संध्याकाळी हात गारठले. सामानाच्या दोरीची गाठ प्रवासात ओढून ओढून दगड झाली होती. हंट्समनचा बुचस्क्रू तिच्यात घुसवून पिळला आणि गाठ सैल झाली. बुचस्क्रूची चेष्टा सगळे करतात, आपल्याकडे बुचाच्या बाटल्या कुठे, म्हणून. दोरीच्या गाठींसाठी मला त्याहून चांगलं काही मिळालेलं नाही.

शेजारच्या खोलीत कॉलेजची मुलं उतरली होती. रात्री शेकोटीपाशी त्यातला एक जण वाळक्या बांबूच्या कांडीला चाकूच्या टोकाने भोक पाडत होता. बाजारातला स्वस्त चाकू, कोणाचा तरी नकली नमुना. टोक बांबूत रुतलं, त्याने मूठ पुढे रेटली, पातं मागे दुमडलं आणि तर्जनीवर बसलं. जखम खोल नव्हती पण रक्त थांबेना. पाण्याने धुऊन, स्वच्छ रुमालाने दाबून धरून, हात वर करून बसवलं. आमच्याकडच्या गॉजच्या पट्ट्या हंट्समनच्या कात्रीने कापून बांधल्या. सकाळी खाली उतरून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला सांगितलं.

असा अपघात चांगल्या चाकूनेही होऊ शकतो. खिशातल्या बहुतेक चाकूंचं पातं उघडल्यावर नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उभं असतं, अडकून बसत नाही. धारेच्या बाजूने दाब दिला तर काही होत नाही, पण टोकाने भोसकलं किंवा पाठीवर जोर आला की ते मिटतं. २००८ मध्ये स्विस लष्कराने नवा चाकू घेतला, त्यात पातं उघडल्यावर कळीने अडकतं, ते उगाच नाही. भोक पाडायला मुठीच्या मध्यावर आडवी उघडणारी आर असते. मूठ मुठीत धरायची आणि आर हलक्या हाताने फिरवायची. मुलाला चाकू देताना पहिला धडा हाच द्यावा. धार वगैरे नंतर.

सकाळी वस्तीत एक पावरा आदिवासी म्हातारबाबा अंगणात टोपलीसाठी बांबू सोलत बसले होते. हातात एकच विळा. त्यानेच कांडं उभं चिरलं, त्यानेच पातळ बेळी काढल्या, त्याच्याच पाठीने बेळीवरची कुसं घासून काढली. आम्ही दोघं आपापले चाकू खिशात ठेवून नुसते बघत राहिलो. सोनगीरला प्रत्येक कामाला वेगळी हातोडी, इथे सगळ्या कामांना एक पातं. दोन्हीकडे हात तयार होता. आमच्या खिशातल्या पंधरा अवयवांना एवढा तयार हात कोणाचाच मिळत नाही, कारण कुठलाही एक अवयव आपण रोज वापरत नाही.

दिवस पाचवा : शिरपूर, चोपडा, यावल

तोरणमाळ उतरून शहाद्यात नवी तार टाकली आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर महामार्ग धरला. दिवस गाडीवरच गेला. अडावदजवळच्या उनपदेवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात पाय बुडवले, बरं वाटलं.

चोपड्याला चहाला थांबलो तेव्हा मामेभावाने चिनी मातीचा कप पालथा घालून त्याच्या बुडाच्या खरखरीत कडेवर माझं पातं पाजवलं. पातं कपाशी पंधरा-वीस अंशांत धरायचं, दोन्ही बाजूंनी सारखे हात मारायचे. या चाकूंचं पोलाद मुद्दाम फार कडक ठेवत नाहीत, म्हणून धार लवकर जाते आणि तितक्याच लवकर येते. प्रवासात मला हे पटतं. महिनाभर धार टिकवणारं पातं एकदा बोथट झालं की त्याला घरचा दगड लागतो.

दिवस सहावा : फैजपूर

फैजपूर म्हटलं की १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, खेड्यात भरलेलं पहिलं. आणि केळी. नात्यातल्या एका काकांच्या मळ्यात उतरलो होतो. पहाटे घड कापायची लगबग. एक जण खांद्यावर गोणपाट टाकून घडाखाली उभा, दुसरा कोयत्याच्या एका घावात दांडा तोडतो, घड अलगद खांद्यावर येतो. जमिनीला टेकता कामा नये, नाहीतर सालीवर डाग उठतात. मग वाकड्या पात्याच्या सुरीने फण्या सुट्या करायच्या आणि तुरटीच्या पाण्यात सोडायच्या, म्हणजे चीक निघतो.

मी हंट्समनने एक फणी कापून पाहिली. पातं आखूड, दांडा जाड, फणीच्या बुडाशी वळण घेता येत नाही. कापली गेली, पण ज्या बाईंनी मला जागा करून दिली होती त्यांच्या तेवढ्या वेळात चार झाल्या होत्या. शिवाय केळीचा चीक पात्यावरून मुठीत उतरला आणि तासाभरात सगळे अवयव एकमेकांना चिकटले. ठिबकची एक नळी खारीने कुरतडली होती, तिथे मात्र पातं उपयोगी पडलं. सोळा एमएमची नळी दोन्हीकडून सरळ कापली, जॉइनर बसवला, पाणी सुरू.

दुपारी काका हिशेबाची वही घेऊन बसले तर चष्म्याची काडी हातात. बिजागरीचा स्क्रू ढिला होऊन अर्धा बाहेर आलेला. फैजपुरात चष्म्याचं दुकान आहे, पण मळ्यातून उठून जायला कोणाला सवड? माझ्या बुचस्क्रूच्या वळशांत एक इवलासा पेचकस फिरवून बसवलेला असतो. तो काढला, चष्मा गुडघ्यावर टेकवला, स्क्रू आवळला. काकांनी चष्मा लावून वही जवळ नेली, लांब नेली. "आता बसला बुवा," म्हणाले. मग काकूंनी आतून त्यांचाही आणला, मग शेजारून एक आला. सगळ्या प्रवासात माझ्या चाकूचं इतकं चीज झालं नव्हतं.

संध्याकाळी भरीत. बामणोदची वांगी, हिरवी, चांगली मोठी. भाजण्याआधी त्यांना टोचे मारावे लागतात, नाहीतर आत वाफ कोंडून वांगं फुटतं. ते काम हंट्समनच्या छोट्या पात्याने केलं. ते मी खाण्याच्या वस्तूंसाठीच राखतो, कधी दोरी कापत नाही. कापसाच्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी काळी ठिक्कर पडली. सोलून, लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ठेचून, कांद्याची पात घालून तेलावर परतली. सोबत कळण्याची भाकरी.

जेवताना मामेभावाने विचारलं, "मग दादा, कोणता?" मी म्हटलं, गाडीच्या डिकीत तुझा, खिशात माझा. त्यालाही ते मान्य होतं. चारचाकी किंवा मोटारसायकल असेल तर पक्कडवालं अवजार गाडीतच राहू द्यावं, पानांच्या जोडीला. पायी, एसटीने, रेल्वेने फिरणाऱ्याने चिमटा, कात्री, छोटा पेचकस आणि एक पातं एवढं असलेला हलका चाकू घ्यावा. करवत जंगलात राहणाऱ्याला. ओलं झाड तोडायला ती मुळीच वापरू नये. तेहतीस अवयवांचा जाडजूड नमुना मी कोणालाही घ्यायला सांगणार नाही. तो हातात मावत नाही आणि आतल्या अवयवांची धूळ कधी निघत नाही. स्वस्त नकलाही घेऊ नयेत. त्यांचे खिळे सैल होतात, स्प्रिंग मरते, आणि तोरणमाळच्या त्या मुलाचं बोट मी पाहिलं आहे.

रात्री काकूंनी खोबरेल दिलं. त्यात कापूस बुडवून आधी मुठीवरचा आणि पात्यावरचा चीक सोडवला. मग गरम साबणाच्या पाण्यात चाकू धरून प्रत्येक अवयव पाण्यातच उघडमीट केला, जुन्या टूथब्रशने खाचा घासल्या, फडक्याने पुसून चुलीजवळ उघडा ठेवला. खोबरेल आत राहू देऊ नये, थंडीत थिजतं आणि कचरा धरतं. औषधाच्या दुकानात लिक्विड पॅराफिन मिळतं, त्याचा एकेक थेंब प्रत्येक खिळ्यावर सोडला. तेच का, तर या पात्याने उद्या पुन्हा पेरू कापायचे आहेत.